मास्तरांचं बिऱ्हाड परदेशी: पहिल्या वर्षाचे अनुभव लिहा

जळगाव, आधी बहिर दार, इथिओपिया

खान्देशातून शिकवायला बाहेर गेलेली घरं आता थोडीथोडकी नाहीत. पगार, व्हिसा, एजंट यावर सगळे भरभरून बोलतात. पण पोरं पहिल्या दिवशी शाळेत कशी गेली, डब्यात काय गेलं, नोकरी नसलेला नवरा किंवा बायको दिवसभर काय करत होती, हे कुणी सांगत नाही. ते लिहा. अहिराणीत लिहिलंत तर उत्तमच. सुरुवात मी करतो.

२००९ च्या ऑगस्टमध्ये मी इथिओपियातल्या एका विद्यापीठात शिकवायला गेलो, तेव्हा तिथं २००१ साल चालू होतं. त्यांचं नवीन वर्ष ११ सप्टेंबरला लागतं आणि महिने तेरा, तेरावा पाच-सहा दिवसांचा. हजेरीपटावर मी महिनाभर नुसती खाडाखोड केली.

घड्याळ त्याहून वस्ताद. तिथं तास सकाळपासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. मुलीच्या शाळेतल्या शिपायानं सांगितलं, उद्या दोन वाजता आणा. मी दुपारी दोनला हजर. शाळा सुटत आलेली! त्याचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. बापलेक हसत हसत घरी आलो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तीन महिन्यांत अम्हारिक फाडफाड बोलायला लागली. पोरं पटकन रुळतात, जड जातं ते आपल्याला.

शाकाहारी असाल तर घाबरू नका. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्यात मांस, दूध, अंडं काही चालत नाही. हॉटेलात 'त्सोम' म्हटलं की उपासाचं ताट येतं. त्यातला 'शिरो' म्हणजे सरळ आपलं पिठलंच, फक्त लालभडक. सोबत टेफच्या पिठाचा आंबट इंजेरा. भाकरीची सय येतेच, पण पोट भरतं.

पारोळा, सध्या इंग्लंड

मी गणिताची शिक्षिका. फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडनं भारतातल्या शिक्षकांना तिथला पात्र शिक्षकाचा दर्जा, क्यूटीएस, मिळवायला थेट अर्जाची वाट खुली केली. आपल्याला ती ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरतीच आहे. माझ्या पदवीवर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ', आणि २०१८ पासून विद्यापीठाचं नाव बहिणाबाईंचं. दोन्ही एकच, हे अर्जासोबत वेगळं लिहून दिलं. तुमच्याही पदवीवर जुनं नाव असेल तर आधीच लिहा, नंतर विचारणा होते.

पैशांचं एक सांगते, कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, आणि तोही सगळ्या वर्षांचा एकदम. आमच्या वेळी मोठ्या माणसाला वर्षाला ६२४ पाउंड, मुलाला ४७०. फेब्रुवारी २०२४ पासून ते १,०३५ आणि ७७६ झाले. चौघांचे तीन वर्षांचे भरताना माझ्या नवऱ्यानं कॅल्क्युलेटरवर गुणाकार तीनदा केला. दर वेळी तेवढाच आला.

आता पोरं. मुलगा पारोळ्यात पहिली संपवून आला होता, त्याला थेट तिसरीत बसवलं. तिथं फक्त वय बघतात, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा जन्माचा गठ्ठा असतो. मी मास्तरीण असून मुख्याध्यापिकेपुढे हटून बसले, की त्याची दुसरी बुडाली, त्याला मागे बसवा. त्या शांतपणे हसल्या. तो महिन्याभरात वर्गात मिसळला आणि मीच दुसरीची पुस्तकं घेऊन संध्याकाळी त्याच्या मागे पळत राहिले. मूर्खपणा होता माझा.

धाकटी चार वर्षांची, रिसेप्शनमध्ये, म्हणजे तिथल्या पहिलीआधीच्या वर्गात. तिला शाळेत फुकट जेवण, कारण पहिल्या तीन वर्गांना ते सगळ्यांनाच मिळतं. मोठ्याला घरचा डबा. पहिल्याच आठवड्यात मी त्याला पोळीला शेंगदाण्याची चटणी लावून दिली. डबा न उघडता परत आला, वर चिठ्ठी: आमच्या शाळेत शेंगदाणे, सुकामेवा चालत नाही, काही मुलांना त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी आहे. आता सांगा, खान्देशी बाईच्या स्वयंपाकातून शेंगदाणा काढला तर उरतं काय? भाजीत कूट, चटणीत कूट, लाडू त्याचाच. दोन दिवस मी डब्यात नुसते ब्रेड-बटर भरले. मग तिळाची चटणी दिली आणि आधी शाळेला विचारलं. तर तिळाची ॲलर्जी असलेली एक मुलगी निघाली! शेवटी जवस.

धाकटीनं मला वाचायला शिकवलं, हे खोटं वाटेल. 'बी' नाही म्हणायचं मम्मी, 'ब' म्हण. 'सी' नाही, 'क'. ही त्यांची फोनिक्सची पद्धत. पंधरा वर्षं नोकरी केलेल्या बाईचे उच्चार चार वर्षांची पोरगी दुरुस्त करते आणि वरून 'वेल डन' म्हणते.

माझ्या वर्गाचं थोडक्यात. पारोळ्यात माझ्या नुसत्या बघण्यानं ७० पोरं गप्प व्हायची. इथं ३० होती, आणि माझं बघणं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. ओरडायचं नाही, आधी ताकीद, मग फळ्यावर नाव, मग सुटल्यावर थांबवायचं, ही पायरी मला दिवाळीपर्यंत जमली नाही. रडले आहे मी, स्टाफच्या टॉयलेटमध्ये.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येता येत नाही, हे मात्र अजून पचत नाही. ती येते ऐन सत्रात. मला रजा नाही, आणि पोरांना सलग आठवडाभर शाळेतून काढलं तर २०२४ पासून एका मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पाउंड दंड, तोही २१ दिवसांत भरला तर. चौघांच्या घरात हिशोब ३२० वर जातो. धाकटीनं आखाजीचा झोका फक्त व्हिडिओत पाहिलाय.

जळगाव

पारोळ्याच्या ताई, माझ्या पदवीवर तर पुणे विद्यापीठ आहे. आपलं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० चं, मी त्याच्या आधीचा. बाकी शेंगदाण्याचं वाचून आमच्या घरात सगळे हळहळले.

शिरपूर, आधी मालदीव

तापी पाहिलेला माणूस मी, समुद्र थेट मालदीवलाच पाहिला. बेट एवढंसं की या टोकापासून त्या टोकाला चालत पंधरा मिनिटं. बायको म्हणायची, रागावून घर सोडून जायचं तरी जाणार कुठे!

शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी शाळा. भाजी बोटीनं यायची. बोट चुकली की चार दिवस कांदा-बटाटा. पोळीला तिथं 'रोशी' म्हणतात, तेवढीच ओळखीची. नाश्त्याला मासा आणि खोबरं, त्याला बायकोनं कधी हात लावला नाही. पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत, हे निघण्याआधी नीट लक्षात ठेवा. आमच्या कानबाईचा, खान्देशातल्या देवीचा, फोटो मोबाइलमध्येच राहिला.

मुलगा दुसरीत. त्यांची धिवेही भाषा थाना लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहितात. महिनाभरानं बघतो तर साहेब मराठीची वहीसुद्धा मागच्या पानापासून सुरू करत होते. सुट्टीत गावी आल्यावर आजोबांनी ती वही बघितली आणि मला एकट्याला ओसरीवर बोलावलं.

अमळनेर

(मावशींनी सांगितलं, मी टाइप केलं.)

मन्ही सून तठे परदेशमा मास्तरीन शे. नातू फोनवर 'हाय आजी' म्हनस. मी म्हनस, हाय नको करू, जेवना का ते सांग. कानबाईना रोटले गहू मोजाना येळे त्याना नावनी बी मूठ टाकी. आते त्याना वाटाना रोट कोन खाई? त्यास्नी फोटो मांगा, धाडा. फोटो खास का कोनी?

चाळीसगाव, सध्या मस्कत

बायको इथल्या भारतीय शाळेत इंग्रजी शिकवते. मी कुटुंबाच्या व्हिसावर, म्हणजे काम करायला बंदी. गावी कॉलेजात क्लार्क होतो. सही-शिक्का माझ्या हातात, लोक टेबलापुढे उभे. इथं सकाळी सहाला तिघांचे डबे भरून दिले की दुपारपर्यंत मी आणि वॉशिंग मशीन. पहिले सहा महिने गावी फोनवर सांगत होतो, 'मुलाखती चालू आहेत.' आता सरळ सांगतो, कळण्याची भाकरी मला जमते. पीठ येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत येतं.

अभ्यासक्रम सीबीएसई, पुस्तकं तीच, त्यामुळे अभ्यासाचा त्रास नाही. मराठी मात्र सुटली. अडचण वेगळीच: मुलगा आईच्याच वर्गात. शाळेत तिला 'मॅम' म्हणायचं असा तिचाच नियम. एकदा घरी ताटावर बसून म्हणाला, 'मॅम, अजून भाजी.' ती हसली नाही, उठून आत गेली. दुसऱ्या वर्षी तुकडी बदलून घेतली.

उन्हाचं म्हणाल तर ४५ अंशांत वाढलेली माणसं आपण, पण इथला दमटपणा वेगळा. आणि एक: सुपरमार्केटात केळीच्या खोक्यावर आपलं 'रावेर' वाचलं तेव्हा मी ते खोकं उचलून बघितलं. दुकानातला पोरगा म्हणाला, 'अंकल, रिकामं आहे.'

धुळे

मी वर इथिओपियाबद्दल लिहिलेल्या जळगावच्या सरांची मुलगी. बाबा, हसत हसत घरी नव्हतो आलो आपण. तुम्ही शाळेच्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, आईला सांगू नको. मी सकाळपासून वेण्या घालून तयार होते.

अम्हारिक मी शाळेत शिकले नाही. शाळेत पहिलं सत्र माझ्याशी कुणी फार बोललं नाही. आपल्या वॉचमनची मुलगी होती ना, तिच्यासोबत फाटकापाशी दगडांचा खेळ खेळायचे, तिथं शिकले. पहिले शब्द खेळातल्या भांडणाचे होते, म्हणून तुम्हाला ते फाडफाड वाटलं.

परत आल्यावर धुळ्यात सातवीत बसले तेव्हा जास्त जड गेलं. उभं राहून 'उपस्थित' म्हणायचं मला माहीतच नव्हतं, वर्ग हसला. पण तो वेगळा विषय.

आणि शिरो म्हणजे पिठलं नाही. आई त्यात बर्बेरे घालायची, तो मसाला इथं कुठेच मिळत नाही. कुणी दिवाळीला इथिओपियातल्या अदिस अबाबाहून येणार असेल तर अर्धा किलो आणा, मी भुसावळ स्टेशनावर येऊन घेईन.