मदत हवी आहे: आईचे नवे जलद इन्सुलिन आणि जेवणाची वेळ

नमस्कार. माझ्या आईला २२ वर्षांपासून मधुमेह असून, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावयाच्या साध्या इन्सुलिनऐवजी डॉक्टरांनी गेल्या महिन्यापासून लिस्प्रो हे जलद इन्सुलिन सुरू केले आहे. ते सुमारे १५ मिनिटांतच काम करू लागते. परंतु जुन्या सवयीने आई इंजेक्शन घेऊन भाकरी थापायला बसते आणि पहिला घास घेण्याआधीच तिचे हात थरथरू लागतात. परवा ग्लुकोमीटरवर (रक्तातील साखर मोजण्याच्या यंत्रावर) ५८ हा आकडा, म्हणजे साखर फारच खाली गेलेली पाहून माझा जीव घाबरा झाला. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. मात्रेबाबत डॉक्टरांशी बोलणे चालूच आहे. ज्यांच्या घरी असा बदल झाला आहे, त्यांनी ताट वाढल्यावरच इंजेक्शन घेण्याची सवय वडीलधाऱ्यांना कशी लावली, हे कृपया सविस्तर सांगावे.