मदत हवी आहे: केएसपीमध्ये (कर्बल स्पेस प्रोग्राम, रॉकेट बांधायचा गेम) स्टेज सुटते पण वरचं रॉकेट हलतच नाही

मुनवारी:
डोकं फिरायची वेळ आलीये. मुनवर (गेममधला चंद्र) जायचं रॉकेट आहे, खालची स्टेज संपली की स्पेसबार दाबतो, डिकपलर (स्टेज वेगळी करणारी चकती) सुटतो, खालचा भाग लांब जातो, वरचं इंजिन चालूपण होतं पण रॉकेट जागचं हलत नाही. डिकपलरमध्ये बग आहे का? लवकर सांगा, गेम पॉज करून बसलोय.

खटपट्या:
व्हर्जन कुठलं? मॉड आहेत का? इंजिन कुठलं, टाकीत इंधन आहे का? स्क्रीनशॉट टाका, असं हवेत काय सांगणार.

मुनवारी:
१.१२, मॉड नाहीत. टेरियर इंजिन. इंधन आहे, कमीपण होतंय.

बूस्टरवाला:
डिकपलरचा धक्का पुरत नाही हो, सेपराट्रॉन (ढकलायची छोटी रॉकेटं) लावा, तेही बूस्टरच्या नाकाजवळ म्हणजे नाक बाहेर फेकलं जातं आणि हवाच त्याला लांब नेते. खऱ्या रॉकेटलाही हे चुकत नाही. ११ ऑक्टोबर २०१८ ला सोयूझ एमएस-१० चा एक बूस्टर नीट सुटला नाही आणि मधल्या भागावर आदळला. दोघे अंतराळवीर कॅप्सूलमधून सुखरूप उतरले ते नशीब.

खटपट्या:
त्यांनी साइड बूस्टरचं नावही काढलेलं नाही.

तिसरी_स्टेज:
मी डिकपलर वापरणंच सोडून दिलंय. टीएस-१२ सेपरेटर लावा, दोन्ही बाजूंनी सुटतो, कटकट नाही.

खटपट्या:
आणि ती सुटी चकती इंजिनाच्या मागे तरंगत राहते, प्रत्येक फ्लाइटला एक तुकडा कचरा. उपाय नाही हा.

तिसरी_स्टेज:
ट्रॅकिंग स्टेशनमधून डिलीट करता येतो की कचरा. निदान माझी रॉकेटं चालतात.

नीलज्वाळा:
मुनवारी, कॅमेरा खाली फिरवा. टेरियरचा नॉझल दिसतो का, की त्याच्याखाली चकती अजून चिकटलेली आहे? डिकपलरवर बाण असतात, बाण ज्या बाजूला ती बाजू सुटते. बाण वर हवेत, म्हणजे चकती खालच्या टाकीबरोबर जाते. उलटा बसला तर ती इंजिनालाच राहते, ज्वाळा तिच्यावर आपटते आणि रेटा मिळतच नाही. इंधन मात्र जळत राहतं.

अवकाशवेडा:
अवांतर: ३१ ऑगस्ट २०१७, पीएसएलव्ही-सी३९. हीट शील्ड सुटलंच नाही, उपग्रह आतल्या आत वेगळा झाला. लाइव्ह बघत होतो, अजून वाईट वाटतं. एवढासा सुटायचा भाग, पण सगळी मोहीम त्याच्यावर.

मुनवारी:
@नीलज्वाळा चकती आहे खाली, बाणपण खालीच. आता काय करू? जेब (माझा अंतराळवीर) ऑर्बिटमध्ये अडकलाय, ८० बाय ७१ किलोमीटर.

खटपट्या:
ऑर्बिटमध्ये आहात हे आधी सांगायचं ना!

तिसरी_स्टेज:
१.११ पासून ईव्हीए कन्स्ट्रक्शन (यानाबाहेर जाऊन भाग जोडणं-काढणं) आहे, बाहेर जाऊन चकती काढून टाका.

नीलज्वाळा:
त्याला इंजिनिअर लागतो, म्हणजे बिलसारखा अंतराळवीर. जेब पायलट आहे. पण ७१ म्हणजे वातावरणापासून फक्त १ किलोमीटर वर. कॅप्सूलखाली दुसरा डिकपलर असेल तर आधी तो सोडा, वजन कमी होईल. मग ८० च्या टोकाला जेबला बाहेर काढा, जेटपॅक चालू करा आणि कॅप्सूलला प्रवासाच्या उलट दिशेने ढकला. पेरिअॅप्सिस (कक्षेचं सर्वात खालचं टोक) ७० च्या खाली गेला की दर फेरीत वेग कमी होत जाईल, ६५ पर्यंत ढकललात तर लवकर उतरेल. पॅराशूट आहे ना?

मुनवारी:
आहे, कॅप्सूलवरच.

नीलज्वाळा:
मग क्विकसेव्ह करा आणि ढकला. पुढच्या रॉकेटला व्हीएबीमध्ये (रॉकेट बांधायची जागा) आधी खालची स्टेज काढून बाजूला ठेवा, नाहीतर डिकपलर उचलला की सगळं त्याच्याबरोबर येतं. मग डिकपलर हातात धरून डब्ल्यू दोनदा दाबा, उलटा होतो.

बूस्टरवाला:
आणि सेपराट्रॉनपण लावाच.