मदत हवी आहे: अर्ध्या सिलिंडरचा दाब निम्मा का होत नाही?

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. बॉईल, चार्ल्सचे वायूंचे नियम तिला छान कळलेत, तापमान केल्विनमध्येच का घ्यायचं हेही नीट सांगते. अडलंय ते घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरपाशी. अर्धा गॅस संपला म्हणजे रेणू निम्मे, म्हणून दाबही निम्मा, असं ती म्हणते.

आत बहुतांश प्रोपेन-ब्यूटेन द्रवरूपात असतात आणि द्रव शिल्लक आहे तोवर वाफेचा दाब मुख्यतः तापमानावर ठरतो, हे मी सांगितलं. (मिश्रणामुळे थोडा फरक पडतो, ते सध्या बाजूला ठेवू.) त्यावर तिचा प्रश्न, जो मला फार आवडला: वरची जागा वाढली की दाब उतरायलाच हवा, मग तेवढीच नवी वाफ नेमकी कशामुळे तयार होते?

बाष्पीभवन आणि संघननाचा (वाफेचं पुन्हा द्रव होण्याचा) समतोल रेणूंच्या पातळीवर कोणी शिकवलाय का? चित्र कसं काढता? बिनसुईच्या सिरिंजमध्ये गरम पाणी घेऊन, हवा काढून, तोंड बंद करून दट्ट्या ओढला की पाणी उकळतं. तो प्रयोग इथे उपयोगी पडेल का? खऱ्या सिलिंडरला हात लावायचा नाही, हे नक्की. ठाणे-नवी मुंबईतले रसायनशास्त्राचे शिक्षक असतील तर कृपया जरूर लिहा.