अंड्यांना ऊब कुणाची? डोळ्यांनी पाहिलेलं लिहा

परसदार: आमच्याकडे परसात गावठी कोंबड्या आहेत. एखादी खुडूक झाली की आई टोपलीत भाताचं तूस घालून त्यावर अंडी मांडते आणि तिला अंधाऱ्या खोलीत बसवते. पोटाखाली हात घातला तर चांगलंच गरम लागतं. दिवसातून कितीतरी वेळा ती चोचीने अंडी फिरवते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते, नाहीतर वाढणारा जीव आतल्या पडद्याला चिकटून बसतो. आठवड्याभराने रात्री आई एकेक अंडं टॉर्चवर धरते, लाल शिरांचं जाळं दिसलं तर परत टोपलीत, नुसतंच पारदर्शक दिसलं तर बाजूला. 21 दिवस झाले की आतून टकटक सुरू, आणि त्याच्याही आधी कवचातून बारीक चिवचिव ऐकू येते, ती ऐकायला मी अजूनही टोपलीला कान लावून बसते. बाकीच्या प्राण्यांचं काय? कुणी काय पाहिलंय ते सांगा, पुस्तकातलं नको.

किनारा: ताई, आमच्याकडे कुणीच बसत नाही, सगळं वाळूवर. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री भरतीच्या रेषेवर चढते, मागच्या पायांनी खड्डा काढते, शंभरेक अंडी घालते, पिंगपाँगच्या बॉलएवढी आणि मऊ कवचाची, मग वाळू लोटून अख्खं अंग आपटून आपटून ती दाबते आणि सरळ समुद्रात. पूर्वी ही अंडी लोक काढून न्यायचे. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला काम सुरू केलं, गावची पोरं कासवमित्र झाली. पहाटे उठून माग शोधायचा, अंडी उचलून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. आणि तुम्ही फिरवण्याचं लिहिलंत ना, इथे बरोब्बर उलटं आहे. कासवाचं अंडं जसं निघालं तसंच ठेवायचं, वरची बाजू खाली गेली तर आतला जीव दगावू शकतो, म्हणून ती उचलताना सगळे गप्प असतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त. पन्नासेक दिवसांनी घरट्यावरची वाळू मधोमध खचते, तेव्हा समजायचं की खाली पिल्लं फुटलीत आणि वर सरकतायत.

माणदेशी: आमच्याकडे प्रॉब्लेम उबेचा नाहीच, उन्हाचा आहे. टिटवी घरटं असं बांधतच नाही, उघड्या रानात चार खडे सारून तिथेच चार अंडी, मातकट आणि काळे ठिपके, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. एप्रिल-मेच्या दुपारी ती बसते ती सावली धरायला. मधेच उठून पाटाच्या पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी परत अंड्यांवर. नांगरट करताना आम्ही तेवढा तुकडा सोडून ट्रॅक्टर वळवतो, तरी ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालतेच.

ब्रिस्बेनहून: इथे ब्रश टर्की नावाचा पक्षी आहे, आमच्या बॅकयार्डमध्ये तर त्याने कब्जाच केला. अख्ख्या अंगणातला पालापाचोळा पायाने मागे ढकलत ढकलत नराने कंबरेइतका ढीग केला. माद्या येतात, त्यात अंडी पुरतात, निघून जातात. पाला कुजतो त्याची उष्णता अंड्यांना मिळते, साधारण 33 ते 35 डिग्री लागते. नर रोज ढिगात भोक पाडून चोच आत खुपसतो, जास्त गरम वाटलं तर वरचा पाला उकरून टाकतो, कमी वाटलं तर आणखी घालतो. पाऊस पडून गेला की तर दिवसभर हेच. आणि एवढं राबूनही पिल्लाला तो ओळखतसुद्धा नाही, ते आपलं आपण ढिगातून वर येतं आणि झाडीत पळतं, काही तासांत उडायलाही लागतं! क्वीन्सलँडमध्ये याला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आमची फुलझाडं गेली ती गेलीच, पण मुलांना शाळेतून आल्यावर टीव्ही लागत नाही.

रानवाटा: पावसाळ्यात आंबोलीला जा. हिरवा उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचं घरटं करतो, मागच्या पायांनी फेस घुसळतात आणि अंडी त्यात. फेस ओला राहतो तोवर अंडी सुकत नाहीत, नंतर तो विरघळतो आणि बेडकाची पिल्लं टपाटप खाली पाण्यात. आणि ओढ्यातली खेकडी पकडलीत तर पोटाचं झाकण उघडून बघा, अंडी किंवा बारीक खेकडे दिसले तर प्लीज सोडून द्या.

ब्रिस्बेनहून: किनारा, मार्चमध्ये भारतात येतोय. कासवं बघायला मिळतील का?

किनारा: मार्च चांगला. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण रोज निघतीलच असं नाही, तेव्हा दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. वेळासला गावातच घरगुती राहायची-जेवायची सोय होते. दोरीच्या अलीकडे थांबायचं, फ्लॅश मारायचा नाही, आणि पिल्लू हातात द्या म्हणून कुणाच्या मागे लागायचं नाही, त्याला पाण्यापर्यंत स्वतःच चालू द्यायचं असतं.