मुंबई ते लंडन : अंतर 7,200 किलोमीटर, मग विमानात तास किती?

बी-204 : सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. डिसेंबरमध्ये आम्ही दोघे लेकीकडे लंडनला जात आहोत. इंटरनेटवर मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आणि प्रवास आठ तासांचा असे दिसते. तिकिटावर मात्र जाताना दुपारी 1.00 ला सुटून संध्याकाळी 5.30 ला पोहोच, आणि येताना रात्री 9.00 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 11.30 ला मुंबई, असे छापले आहे. ह्यांना मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांना नेमके तास सांगायचे आहेत. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सी-501 : काकू, तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असते. डिसेंबरमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, त्यामुळे जाताना साडेचारात साडेपाच मिळवा, म्हणजे दहा तास. येताना साडेचौदातून साडेपाच वजा करा, म्हणजे नऊ. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा असतो.

ए-102 : पण अंतर तेच असताना जाताना एक तास जास्त का?

सी-303 : मी अनेक वर्षे हवाई वाहतुकीच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचा झोत वाहतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो आणि काही वेळा त्याचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातो. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो.

दुसरे असे, की 7,200 किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर आहे. ती रेषा बलुचिस्तान, इराण, जॉर्जियातील तिबिलिसीचा परिसर आणि युक्रेन यांवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननेही आपली हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली. वळसा पडला की किलोमीटर वाढतातच. त्यातच लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असेल तर उतरण्यापूर्वी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. म्हणून अंतराला विमानाच्या ताशी 900 किलोमीटर वेगाने भागून काढलेल्या आठ तासांवर कोणीही औषधांचे वेळापत्रक बेतू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिकिटावरच्या वेळांमध्ये धावपट्टीपर्यंतचा आणि उतरल्यानंतरचा जमिनीवरचा वेळही धरलेला असतो. तोच हिशेब डॉक्टरांना द्यावा.

ए-102 : काकू, कोथरूडहून निघून सकाळी दहापर्यंत मुंबई विमानतळाचे टर्मिनल 2 गाठायचे, तर घाटातली कोंडी धरून पहाटे पाचच्या आत गाडी निघायला हवी. हे तासही डॉक्टरांना सांगा.

बी-204 : सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरातून निघाल्यापासून लेकीच्या दारापर्यंतचे सगळे तास भारतीय वेळेनुसार मांडून उद्याच डॉक्टरांना दाखवते. गाडी साडेचारची सांगितली आहे.