स्क्रू ढिला झाला की दोष भाकरीचा?

धागाकर्ता, दक्षिण कसबा : दंतरोपणावरील कालच्या लेखात आपल्याच शहरातील एका दंतवैद्यांनी दोन विधाने केली आहेत. रुग्ण कडक भाकरी चावतो म्हणून इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाचा, स्क्रू ढिला होतो, हे पहिले. आणि कोनिकल, म्हणजे शंकूच्या आकाराच्या जोडणीचे इम्प्लांट घेतले की हा त्रास कायमचा मिटतो, हे दुसरे. पहिल्या विधानाने मला मनस्ताप झाला, कारण तेच वाक्य माझ्या आईने दीड वर्षात तीनदा ऐकले आहे. खालच्या पहिल्या दाढेच्या जागी बसवलेली तिची कॅप आठव्या महिन्यात हलू लागली. दर वेळी स्क्रू आवळून दिला, दर वेळी भाकरी बंद करायला सांगितले, आणि चौथ्या वेळी स्क्रू आतच तुटला. दुसऱ्या दंतवैद्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अल्ट्रासॉनिक टोकाने उलटा फिरवत तो तुकडा काढला. आजही तो माझ्याकडे कागदाच्या पुडीत आहे : ज्वारीच्या दाण्याएवढा, आटे घासून चकाकणारे, तुटलेली बाजू राखाडी. इम्प्लांट एका कंपनीचे आणि ॲबटमेंट, म्हणजे इम्प्लांट व कॅप यांना जोडणारा मधला भाग, दुसऱ्याच कंपनीचे होते, हे तेव्हा कळले. यात भाकरीचा काय दोष?

मूळ लेखाचा लेखक, दंतवैद्य : आपल्या आईंना त्रास झाला याचे मला वाईट वाटते, परंतु एका तुकड्यावरून नियम ठरत नाही. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, त्यामुळे चावताना तो किंचित दबतो आणि जोर जास्त झाला तर आपल्याला कळते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात पहिले टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले तेव्हापासून ते हाडालाच धरून राहते. ती गादी त्याला नाही. जुन्या एक्स्टर्नल हेक्स जोडणीत इम्प्लांटच्या माथ्यावरील षट्कोनी उंचवट्याची उंची जेमतेम ०.७ मिलिमीटर असल्यामुळे आडवा जोर मुख्यतः स्क्रूवर येतो. कोनिकलमध्ये शंकूच्या भिंती घर्षणाने एकमेकींना धरतात. माझे म्हणणे कायम आहे.

यंत्रमाग दुरुस्ती, अक्कलकोट रोड एमआयडीसी : डॉक्टरसाहेब, मी तीस वर्षे माग दुरुस्त करतो. एकच बोल्ट पुन्हा पुन्हा ढिला होत असेल तर आम्ही विणकराला दोष देत नाही, जोड उघडून पाहतो. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा ताणलेला असतो आणि तो ताणच जोड धरून ठेवतो. नव्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दबले की ताण उतरतो, म्हणून आम्ही थोड्या वेळाने पुन्हा आवळतो. दातात असे करत नाहीत का?

दंतवैद्य, होटगी रोड : करायला हवे. त्या ताणाला आम्ही प्रीलोड म्हणतो. अनेक कंपन्या ॲबटमेंटच्या स्क्रूसाठी ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपासचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सांगतात, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेवढाच द्यायचा असतो. बोटांनी ड्रायव्हर फिरवून तो जोर येत नाही. हा जोर मोजणारा रेंचही वापरून वापरून चुकीचा आकडा दाखवू लागतो. कोनिकलने प्रश्न मिटतो, हे तर मला मुळीच मान्य नाही. स्क्रू कमी वेळा ढिला होतो हे खरे. परंतु कमी व्यासाच्या इम्प्लांटमध्ये शंकूभोवतीची भिंत पातळ राहते, आणि ती तडकली तर आख्खे इम्प्लांट हाडातून काढावे लागते. तुटलेला स्क्रू निदान काढता तरी येतो.

शिक्षिका, जुळे सोलापूर : जोडणीचा वाद तुम्ही घाला, आमची अडचण निराळी आहे. माझे इम्प्लांट पुण्यात बसवले. कॅप हलू लागली तेव्हा येथे तीन दवाखाने फिरले. प्रत्येकाने एकच विचारले, कंपनी कोणती? माझ्याकडे फक्त पैशांची पावती होती. तिच्यावर ना कंपनी, ना व्यास, ना लॉट क्रमांक. दोन ठिकाणचा ड्रायव्हर त्या स्क्रूत बसलाच नाही. साध्या मिक्सरचे हमीपत्र मिळते, मग जबड्यात कायम राहणाऱ्या वस्तूचे का मिळत नाही?

मूळ लेखाचा लेखक : ताई, पेटीतल्या चिकटपट्ट्या आम्ही रुग्णाच्या फाइलला लावतो. सगळ्यांवर सरसकट आरोप करू नका.

शिक्षिका : फाइल तुमच्या कपाटात राहते आणि दात माझ्या तोंडात. आरोप नाही, मी भोगलेले सांगते आहे.

धागाकर्ता : अगदी हेच. आईच्या हाती इम्प्लांटची माहिती असलेले कार्ड असते तर दुसऱ्या कंपनीचे ॲबटमेंट पहिल्याच वेळी लक्षात आले असते. बाहेरून जुळते दिसते, परंतु आत केसाएवढी जरी फट राहिली तरी प्रत्येक घासाला ते हलते आणि स्क्रूचा ताण उतरत जातो.

मूळ लेखाचा लेखक : ‘कायमचा’ हा शब्द मी मागे घेतो. ॲबटमेंट आणि टॉर्कबद्दल लेखात लिहायला हवे होते, तेही मान्य. चिकटपट्टीची दुसरी प्रत यापुढे रुग्णाला देईन. जोराबद्दल मात्र माघार नाही. भाकरी क्षणभर चावली जाते. झोपेत दात खाणारा माणूस तोच जोर बराच वेळ, तोही आडवा देतो. आईंना ती सवय आहे का?

धागाकर्ता : हा प्रश्न चारही वेळा आम्हाला कुणी विचारला नव्हता. आज घरी विचारले. बाबा म्हणाले, करकर आवाज रोज येतो, अनेक वर्षांपासून येतो. सोमवारी नाइट गार्डचे, म्हणजे झोपताना दातांवर घालायच्या आवरणाचे, माप द्यायला तिला घेऊन जात आहे.