एक सभासद, एक मत. पण कोयता कोणत्या यादीत?

कृष्णाकाठ (प्रश्न):
25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की राजकारणात आपल्याकडे समता असेल, मात्र सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. प्रवरानगरपासून पुढे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यांत शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच असते. असे असूनही कारखान्याची सत्ता, आणि तिच्या जोरावर आमदारकी-खासदारकी, पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घरांतच का राहते?

बांधावरून:
आमचा ऊस दोन एकर. वडिलांचे मत चाळीस एकरवाल्याच्या मताइतकेच मोजले जाते, हे खरे आहे. पण मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते आणि तोड, म्हणजे ऊस तोडण्याची पाळी, मात्र दरवर्षी मागावी लागते. कोणाच्या फडात तोडणी मजुरांची टोळी आधी पाठवायची हे कारखान्याच्या गट ऑफिसात ठरते. एका निवडणुकीत वडील विरोधी पॅनेलच्या सभेत पुढच्या रांगेत बसले होते, त्या हंगामात आमचा ऊस मार्चअखेरपर्यंत उभा राहिला. तुरा आलेला, वजन घटलेले, खोडवाही (त्याच बुडख्यांवर येणारे पुढचे पीक) गेला. चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, रोज "उद्या बघू" म्हणायचा. कोणी धमकी दिली नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? पुढच्या वेळी वडील सभेलाच गेले नाहीत.

बालाघाट:
वरील अनुभव पटतो, परंतु त्यांचे नाव निदान सभासदांच्या यादीत तरी आहे. मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. दसरा-दिवाळीनंतर माझा अर्धा वर्ग रिकामा होतो, कारण आईबाप मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दूरच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला गेलेले असतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. माणसे दोन, हिशेबात कोयता मात्र एक. 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा मतदानाला आमच्या गावात फडावरून माणसे भरून टेम्पो आले. भाडे कोणी दिले हे साऱ्या गावाला ठाऊक होते आणि मते कुठे गेली हेही.

कृष्णाकाठ:
पण कोयत्यांची संख्या लाखांत आहे. एवढी मते हाती असताना तोडणीच्या दरासाठी दरवेळी संपच का करावा लागतो?

बालाघाट:
मते बीडमध्ये आहेत आणि पैसा कारखान्यात, म्हणून. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवते. ऊस नियंत्रण आदेशानुसार ती 14 दिवसांत न दिल्यास 15 टक्के व्याज लागते. हे बळ ऊस उत्पादकांनी संघटित राजकारणातून मिळवले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तोडणीचा दर मात्र साखर संघ (सहकारी कारखान्यांची संघटना) आणि मजूर संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतो, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतूनच वजा होतो. म्हणजे कोयत्याला चार पैसे जास्त मिळाले की ते दोन एकरवाल्याच्या बिलातून गेल्यासारखे दिसतात, आणि ज्यांनी एकत्र बोलायला हवे तेच एकमेकांकडे संशयाने पाहतात. संचालक मंडळाला यापेक्षा सोयीचे काय असेल?

शिवाय हंगामाचे पाच-सहा महिने ही माणसे ज्या गावाच्या शिवारात कोप्या घालून राहतात, त्या गावच्या मतदार यादीत त्यांची नावे नसतात. मागे मी विद्यार्थ्यांना भेटायला अशा एका तळावर गेलो होतो. ग्रामपंचायतीचा नळ शंभर पावलांवर होता आणि बाया हंडे घेऊन विहिरीकडे चालल्या होत्या. तिथल्या एका सदस्याला विचारले, तर तो सहज म्हणाला, "गुरुजी, ते आपल्या वॉर्डातले नाहीत."